दोन फूट बर्फ आणि काठावरचं पाणी

अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या मिनेसोटा राज्यात एक-दोन हिवाळे काढले की कुणीतरी विचारतंच, "तळ्यावर येणार का?" उन्हाळ्यात याचा अर्थ होडी आणि हिवाळ्यात व्हीलहाऊस. व्हीलहाऊस म्हणजे चाकांवरची एक खोली. ट्रकला जोडायची, गोठलेल्या तळ्यावर ओढत न्यायची, मासे असतील असं वाटेल तिथे थांबायचं आणि हँडल फिरवून खोली खाली बसवायची. चाकं वर जातात, लोखंडी चौकट बर्फाला टेकते. फरशीत झाकणं लावलेली भोकं असतात. त्यांतून गिरमिट घालून खालच्या बर्फात भोक पाडायचं आणि गळ सोडून बसायचं. आत प्रोपेनचा हीटर, झोपायला बाकं, चहापुरती शेगडी. बाहेर उणे वीस असलं तरी आत माणूस टीशर्टवर बसतो.

आमची खोली तिघांत आहे: मी, माझा कोल्हापूरचा मेहुणा आणि शेजारचे एक गृहस्थ. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, आयुष्यभर वायरिंगची कामं केली आणि लहानपणापासून मिल लॅक्स या तळ्याच्या बर्फावर मासे धरले. माझ्या मुलांनी त्यांना आजोबा करून टाकलंय, म्हणून इथेही आजोबाच म्हणतो. खोली सामानासकट अडीच टनांच्या आसपास भरते आणि ओढणारा ट्रकही साधारण तेवढाच. म्हणजे पाच टन घेऊन आम्ही पाण्यावर जातो. रत्नागिरीहून आईने पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर हे सगळं पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, खाली पाणी आणि वर तुम्ही शेगडी पेटवून बसलात? जमीन कमी पडली का तुम्हाला?" मासेमारीच्या गावातली बाई, तिला पटवणं कठीणच होतं.

आम्ही खोली घेतली आणि लगेच 2023-24 चा हिवाळा आला. मिनेसोटाच्या नोंदींतला तो सर्वांत उबदार हिवाळा. ख्रिसमसला बर्फाऐवजी पाऊस पडला. 29 डिसेंबरला अप्पर रेड लेकवर वाऱ्याने बर्फाचा एक प्रचंड तुकडा काठापासून तुटला आणि त्यावर मासे धरणारे शंभराहून जास्त लोक अडकले. सगळे सुखरूप परत आले, पण काठ आणि बर्फ यांच्यात उघडं पाणी आल्यावर तिकडच्या बर्फाची जाडी कुणाच्या उपयोगाची नव्हती. ब्रेनर्डजवळ गल लेकवर दर जानेवारीत मासेमारीची मोठी स्पर्धा भरते, तीही त्या वर्षी रद्द झाली. मिनिआपोलिसच्या लेक हॅरिएटवर बर्फावर कलाकारांच्या झोपड्या उभारतात, त्या पहिल्याच शनिवार-रविवारनंतर आवराव्या लागल्या. आमची खोली पूर्ण मोसम ड्राइव्हवेवर उभी होती. मुलांना घर-घर खेळायला जागा झाली, एवढाच तिचा उपयोग.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात मात्र जानेवारी जानेवारीसारखा निघाला आणि आम्ही खोली मिल लॅक्सवर नेली. ती नेण्यापेक्षा वेळेत परत आणणं हाच खरा अनुभव होता, आणि त्याबद्दलच सांगायचं आहे. पण नेताना काय काय पाहिलं ते आधी सांगावं लागेल, नाहीतर आणण्याचं कोडं कळणार नाही.

इथे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं आहे, सगळे त्याला डीएनआर म्हणतात. त्यांचा जाडीचा तक्ता आमिषाच्या दुकानांत भिंतीवर लावलेला दिसतो. पायी जायला 4 इंच, स्नोमोबाईलला, म्हणजे हिमावरून पळणाऱ्या मोटारगाडीला, 5 ते 7, छोट्या मोटारीला 9-10, मध्यम ट्रकला 13, दणकट ट्रकला 16-17 आणि अशा ट्रकमागे व्हीलहाऊस असेल तर 20 इंचांच्या वर. हे आकडे नव्या, नितळ, कडक बर्फाचे. भिजलेला हिम गोठून झालेला पांढरा बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरायची. शिवाय डीएनआर स्वतः कुठल्याही तळ्याचा बर्फ मोजत नाही आणि कुठलाही बर्फ पूर्ण सुरक्षित असतो असं म्हणत नाही. मोजायचं ज्याचं त्याने.

मिल लॅक्स हे एका दिशेचा काठ दुसऱ्या काठावरून दिसू नये एवढं मोठं तळं आहे, पाचशे चौरस किलोमीटरच्या वर. पाणी मात्र फारसं खोल नाही, कुठेच पन्नास फुटांपर्यंतही जात नाही. एवढ्या पसरट बर्फाला वारा ढकलतो, थंडीने तो आकसतो, उन्हाने पसरतो, आणि मग मैलोन् मैल लांब भेगा पडतात किंवा दोन कडा एकमेकींवर चढून उंचवटे होतात. काठावरची रिसॉर्ट्स तळ्यावरचं हिम बाजूला सारून रस्ते मोकळे ठेवतात, भेगांवर पूल टाकतात आणि त्याचे पैसे घेतात. ते पैसे द्यायला मला कधी जड जात नाही. त्यांचा माणूस रोज पहाटे त्या रस्त्यावरून जाऊन येतो आणि आज किती वजन चालेल ते फोनवर सांगतो.

तरीही आजोबांचं स्वतःचं मोजमाप असतं. ट्रक काठावर ठेवायचा, हातात पहार घेऊन पायी पुढे निघायचं. दर दोन-तीन पावलांना पहार आपटायची. चांगल्या बर्फावर ती खणकन वाजून उसळते, मनगटाला झिणझिण्या येतात. आवाज बद्द आला की थांबायचं. दर दीडशे फुटांवर गिरमिटाने भोक पाडून हूक असलेली टेप आत सोडायची आणि हूक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून जाडी वाचायची. त्या दिवशी आमच्या जागेवर 22 इंच आला. पण आजोबांनी टेपवर नख ठेवून दाखवलं: खालचा 18 इंच काळसर, काचेसारखा नितळ, वरचे 4 इंच दुधी. "हे चार म्हणजे दोन," ते म्हणाले. अठरा आणि दोन, वीस. तक्त्याच्या कडेवर. मग खोली जरा पुढे, जिथे वरचा पांढरा थर पातळ होता तिथे नेली.

खोली बसवताना आम्ही चारही कोपऱ्यांखाली आणि पुढच्या दांड्याखाली लाकडी ठोकळे घातले. पुष्कळ लोक चौकट सरळ बर्फावर टेकवतात आणि वारा शिरू नये म्हणून भोवती हिम लोटून बांध घालतात. कडक थंडीत ते उबेला चांगलं. पण एकदा वितळायला लागलं की तो बांध चिखल होतो, पाणी चौकटीभोवती साचतं, रात्री गोठतं, आणि खोली तळ्याचाच भाग होऊन बसते. ठोकळ्यांमुळे आत जरा गार लागतं. मेहुणा त्यावर कुरकुरला. त्याला पायमोजे दिले.

दुसरं काम मला स्वतःला फार आवडतं. खोलीपासून चार-पाच फुटांवर एक वेगळं भोक पाडायचं, ते मासे धरायला नव्हे. त्यात पाणी कुठवर आहे ते पाहायचं. बर्फ पाण्यापेक्षा हलका, त्याचा साधारण अकरावा-बारावा हिस्सा पाण्याच्या वर राहतो. बावीस इंची बर्फ असेल तर भोकातलं पाणी पृष्ठभागाच्या जवळजवळ दोन इंच खाली दिसलं पाहिजे. आता त्या बर्फावर अडीच टन ठेवा आणि दिवसेंदिवस तिथेच असू द्या. चालत्या वजनाला बर्फ वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. थांबलेल्या वजनाखाली मात्र तो हळूहळू दबतच राहतो. थांबत नाही. भोकातलं पाणी वर चढायला लागतं. ते काठोकाठ येऊन बाहेर सांडू लागलं की तुमच्या खालचा बर्फ पाण्याखाली गेला असं समजायचं आणि जागा बदलायची. आम्ही एका काठीवर खुणा करून ती भोकाशेजारी ठेवली होती. आल्यावर आधी काठी, मग गळ.

मासे चांगले लागत होते. इथले दोन मासे, वॉलआय आणि पर्च. वॉलआय कमी, पण पर्च भरपूर. पर्च लहान असतो, पण चवीला माझ्या मते वॉलआयपेक्षा सरस. आगळ आणि तिखट लावून रव्यात घोळवून तळला तर आईसुद्धा नाव ठेवणार नाही. भिंतीवरच्या रिळांना घुंगरू असतात. रात्री मासा ओढायला लागला की ते वाजतात आणि तिघंही बाकांवरून खाली उडी मारतात. मेहुण्याला याचा नाद लागला होता.

आणि मग अंदाज आला. पुढचा आठवडाभर दिवसा 5 ते 7 अंश सेल्सियस, मध्ये एक दिवस पाऊस, आणि गुरुवारनंतरची एकही रात्र गोठणबिंदूच्या खाली नाही.

पहिल्यांदा मला त्यात फार काही वाटलं नाही. मिनेसोटात जानेवारी अखेरीला अशी ऊब मधूनच येते, लोक खूश होऊन अंगणात बार्बेक्यू पेटवतात. मेहुण्याचा हिशेब तयार होता. "दोन फूट बर्फ आहे की ओ दाजी. आठवड्यात वितळून वितळून किती वितळेल? दोन इंच? तीन? मासे आत्ता कुठं लागाय लागलेत." त्याचं अंकगणित चुकीचं नव्हतं. सूर्य अजून खाली असतो, तळ्याचा बर्फ जाड, त्यावर हिमाची पांढरी चादर ऊन परतवते. तळ्याच्या मध्यावर आठवड्याभरात खरंच फारसा फरक पडत नाही.

आजोबांनी दिवसाचं तापमान पाहिलंच नाही. त्यांनी फोनवर दोनच आकडे शोधले: रात्रीचं किमान आणि दवबिंदू. रात्र गोठणारी असेल तर दिवसभर वितळलेलं पुन्हा घट्ट होतं, पहाटे वाहतुकीला वाट मिळते. रात्र गोठली नाही तर तळ्याला दम घ्यायला वेळच नाही. दवबिंदू शून्याच्या वर असेल तर हवेतला ओलावा बर्फावर द्रवरूप होतो आणि तसं होताना उष्णता सोडतो. म्हणून कोरड्या स्वच्छ उन्हाच्या दिवसापेक्षा धुक्याचा, वाऱ्याचा, ढगाळ दिवस हिम जास्त झपाट्याने खातो. अंदाजात धुकंही होतं, वाराही होता. पावसाचं तर बोलायलाच नको. तो हिमाची चादर काढून टाकतो आणि खालचा काळा बर्फ उन्हाला मोकळा करतो.

"आपल्या खालच्या बर्फाचं मला काही वाटत नाही," आजोबा मेहुण्याला म्हणाले. "तो महिनाभर टिकेल. प्रश्न काठाचा आहे."

हे काठाचं प्रकरण मला त्या दिवसापर्यंत नीट उमगलं नव्हतं, म्हणजे तपशिलात नाही. काठाशी पाणी इतकं उथळ की बर्फ तळाच्या वाळूपर्यंत गोठलेला असतो, जमिनीला चिकटलेला. थोडं आत गेलं की तोच बर्फ तरंगता. जमिनीला चिकटलेला हलत नाही, तरंगता पाण्याबरोबर वरखाली होतो. या दोहोंच्या सांध्यावर कायमची भेग असते आणि तीवरून प्रत्येक ट्रक जातो. त्यात भर म्हणजे काठावरून चाकांना लागून येणारी वाळू, मीठ आणि चिखल. रस्त्याचे पहिले शे-दोनशे फूट राखाडी झालेले असतात आणि राखाडी बर्फ ऊन शोषतो. पार्किंगच्या जागेवरचं वितळलेलं पाणी उताराने तिथेच येतं. पाणथळ गवताचे बुंधे तापतात, त्यांच्याभोवती खळगे पडतात. तात्पर्य, दोन फूट बर्फावर बसलेल्या माणसाला घरी जायला त्या तळ्यातल्या सगळ्यांत वाईट पन्नास फुटांवरून जावं लागतं. आपली जाडी म्हणजे वाटेतली सर्वांत कमी जाडी.

पुढे वाद झाला नाही. गुरुवारी पहाटे काढायचं ठरलं, कारण गोठणारी शेवटची रात्र तीच. मेहुण्याने सुट्टी टाकली, पण तोंड पाडूनच.

पहाटे पोचलो तेव्हा उणे तीन होतं. आजोबांनी आधी काठ तपासला. ट्रकची हेडलाइट चालू ठेवून, पहार टेकवत टेकवत. सांध्यावर रिसॉर्टने जाड फळ्यांचा पूल टाकला होता, दोन्ही बाजूंना लांबवर पोचेल असा, म्हणजे चाकांचं वजन भेगेच्या कडेवर न पडता पसरतं. फळ्यांच्या फटींतून पाणी दिसत होतं, त्यावर नखाएवढी नवी खपली. पहारेचं टोक लागलं की ती टचकन फुटे. पुलाच्या पलीकडे पहिलं भोक: 20 इंच, त्यात पांढरा जवळजवळ नाही. दुसरं 21. आजोबा म्हणाले, आज चालेल.

बर्फावर ट्रक नेताना सीट बेल्ट काढायचा, खिडक्या खाली करायच्या, दारांची कुलपं उघडी ठेवायची. उणे तीनमध्ये हे फार आल्हाददायक नसतं. अंगात तरंगणारा सूट, गळ्यात दोरीने अडकवलेल्या दोन मुठी, त्यांना टोकदार खिळे. पडलोच तर त्या बर्फात रोवून, ज्या बाजूने आलो त्याच बाजूला तोंड करून, पाय मारत पोटावर वर सरकायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं. थंड पाण्यात पडल्यावरचा एक हिशेब इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतो: पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, 10 मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास. पहिल्या मिनिटात घाबरून पाणी नाकातोंडात जाऊ द्यायचं नाही, हे त्यात मुख्य.

वेगही महत्त्वाचा. जड गाडी चालली की तिच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि गाडीबरोबर पुढे पळते. वेग वाढवला तर गाडी त्या लाटेला गाठते, बर्फ जास्त वाकतो. काठाजवळ लाट परत फिरते आणि तिथे बर्फ फुटायचा धोका सगळ्यांत जास्त. म्हणून काठाजवळ चालण्याच्या वेगाने, आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून. मी एकटा ट्रकमध्ये, ते दोघं चारचाकी एटीव्हीवर बरंच मागे. एकाच वेळी सगळे एका जागी नकोत.

खोलीपाशी आधी काठी पाहिली. पाणी वर चढून पृष्ठभागापासून अर्ध्याच इंचावर आलं होतं. म्हणजे खोली बरीच दबली होती आणि अजून वितळायला सुरुवातही झाली नव्हती. मेहुणा काठी हातात घेऊन थोडा वेळ बघत राहिला. आत तर गंमतच होती. हीटरच्या उबेने फरशीखालची भोकं वरून रुंद होऊन नरसाळी झाली होती. दहा इंचाचं भोक वरच्या तोंडाला दीड फुटाच्या पुढे गेलेलं.

तीन कोपरे ठोकळ्यांवर मोकळे होते. चौथ्याला, दाराजवळ, आम्हीच रोज बूट झटकून आणलेलं हिम वितळून ठोकळा पुरता गाडला गेला होता. हीटर बंद केला, प्रोपेनच्या टाक्या बंद केल्या, आतलं सगळं बांधून ठेवलं आणि मग पहार चालवायची पाळी माझी. यातही पद्धत आहे. पहार चौकटीच्या दिशेने मारायची नाही, ॲल्युमिनियमचा पत्रा फाटतो. चौकटीला समांतर, हातभर दूर एक चर पाडायचा, मग आतला तुकडा चराकडे पाडायचा. पहिल्या दहा मिनिटांत मी जॅकेट काढलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, कंपनीत हे बघतील तर प्रमोशनच देतील." मग त्याने पहार घेतली आणि माझ्यापेक्षा निम्म्या वेळात उरलेलं केलं. शेतकऱ्याचा मुलगा आहे, शेवटी.

खोली उचलताना एका कोपऱ्याचं हँडल शेवटपर्यंत फिरवलं तर चौकट पिळते. म्हणून प्रत्येक कोपरा थोडा थोडा, आळीपाळीने. करकर आवाज आला की थांबायचं, खाली कुठे चिकटलंय ते टॉर्चने बघायचं. चाकं टेकली, ट्रक जोडला. मागे राहिलेले ठोकळे एक एक करून उपटले. तेही सोडून यायचं नाही. 2023 पासून इथे कायदाच आहे की बर्फावर कचरा किंवा मैला टाकून जायचं नाही, सगळं खोलीबरोबर परत आलं पाहिजे. ठोकळे आणि त्याला चिकटलेले बर्फाचे ढेकूळ ट्रकमध्ये टाकले. उघड्या भोकांजवळ पाइनच्या फांद्या रोवल्या, कुणाचा पाय जाऊ नये म्हणून.

परतीच्या वाटेवर अर्ध्यात मोठी भेग लागते, तीवरच्या पुलावर रिसॉर्टचा माणूस उभाच होता. त्याने हात वर करून थांबवलं, खाली वाकून कडा बघितल्या आणि मग हळू या असं खुणावलं. काठाच्या सांध्यावर पोचेपर्यंत साडेनऊ झाले होते आणि सूर्य वर आला होता. पहाटेची खपली गायब. फळ्यांवरून जाताना पुढची चाकं टेकली तसं बाजूने पाणी पचकन वर आलं, मग ट्रकची मागची, मग खोलीची. आवाज होतात. त्यांची सवय होते असं लोक म्हणतात. माझी अजून झालेली नाही.

पुढच्या तीन-चार दिवसांत रिसॉर्टने आधी व्हीलहाऊस बंद केली, मग ट्रक बंद केले, मग फक्त पायी आणि एटीव्ही. तळ्यावर अजून बऱ्याच खोल्या उभ्या होत्या आणि त्यांच्या खालचा बर्फ आजोबा म्हणाले तसा शाबूत होता. मालकांना एटीव्हीवरून सामान आणता येत होतं, खोली नाही. एका ट्रकची मागची चाकं काठाशीच खचली. पाणी कमरेएवढं, माणूस कोरडा बाहेर आला, पण ट्रक काढायला क्रेन लागली. पूर्ण बुडाला असता तर मालकाने 30 दिवसांत स्वतःच्या खर्चाने तो काढायचा असा इथला नियम आहे, आणि तो खर्च ऐकला की मासे विकत आणावेसे वाटतात.

नंतर थंडी परतली. मेहुण्याचा दुसऱ्याच दिवशी फोन: "दाजी, परत न्यायची ना?" आम्ही गेलो, पण पायी, आणि गिरमिट घेऊन. बघण्यासारखा बर्फ होता तो. वर तीन इंच नवा पांढरा, त्याखाली दोन इंच पाणी आणि चिखल, त्याखाली जुना काळा. टेप नुसती सोडली तर ती सगळ्यांतून खाली जाते आणि वीस दाखवते. आजोबांनी हूक थराथराला अडकवून वाचलं. नितळ बर्फ मोजण्यासारखा पंधराच. वरचा थर पायाखाली दबला की खालून पाणी पिचकत होतं. ज्यांच्या खोल्या तिथेच राहिल्या होत्या ते आता मोटर करवत घेऊन चौकटीभोवतीचा बर्फ कापत होते. एकाने सांगितलं की पहिला दिवस फक्त दार उघडण्यात गेला.

राज्याच्या या भागात तळ्यांवरून खोल्या काढायची मुदत मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत असते, उत्तरेकडे तिसऱ्या सोमवारपर्यंत. मुदत आहे म्हणून तोवर बर्फ चांगला असतो असं मात्र काही नाही. फेब्रुवारी सरता सरता ऊन वर चढतं आणि बर्फाचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटायला लागतात. जाडी तीच, पण आतून तो उदबत्त्यांच्या जुडीसारखा झालेला असतो, दोरा सैल सुटला की सगळ्या काड्या वेगळ्या. आजोबांनी एकदा अशा फूटभर बर्फातून दोन फटक्यांत पहार आरपार घालून दाखवली. जानेवारीतल्या 5 अंशांना आणि मार्चमधल्या 5 अंशांना म्हणूनच एका मापाने मोजत नाहीत.

त्या मोसमात खोली पुन्हा नेली नाही. मेहुण्याने छत्रीसारखा उघडणारा एक तंबू घेतला, तो घसरगाडीवर टाकून पायीच जायचं. मासे तेवढेच मिळाले. रात्री मुक्काम मात्र नाही, त्याचं त्याला वाईट वाटलं.

खोली आणली त्याच दिवशी घरी जाताना आजोबांच्या सांगण्यावरून हायवेवरच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर थांबलो होतो. कंपनीच्या पाटीवर लिहिलेलं वजन रिकाम्या खोलीचं असतं. आमच्या खोलीत दोन जादा बॅटऱ्या, टीव्ही, पाण्याचे कॅन, तांदळाचं पोतं आणि एक पाच लिटरचा कुकर होता. काट्यावर पाटीपेक्षा साडेतीनशे किलो जास्त आलं. उन्हाळ्यात एका रविवारी तिघांनी मिळून सगळं बाहेर काढलं आणि गॅरेजमध्ये दोन ढीग केले, परत जाणारं आणि न जाणारं. टीव्ही न जाणाऱ्यात, एक बॅटरी न जाणाऱ्यात. कुकरवर बराच वेळ चर्चा झाली. तो आजोबांनीच उचलून जाणाऱ्या ढिगात ठेवला. पर्चच्या कालवणाबरोबर गरम भात लागतोच, हे त्यांनाही आता पटलंय.